शिक्षेविरुद्ध अपील आणि सुटकेनंतरच्या अटी : नाशिकमध्ये काय, कुठे आणि केव्हा करायचं

फौजदारी खटल्यात 'दोषी' असा निकाल लागला की घरातल्यांचा पहिला प्रश्न असतो, "आता बाहेर कसं काढायचं?" प्रश्न रास्त आहे, पण तेवढ्यावरच धावपळ केली की बाकीचं निसटतं. निकालपत्राच्या शेवटच्या आदेशात तीन वेगळ्या गोष्टी असतात: गुन्हा सिद्ध झाल्याचा निष्कर्ष, त्यासाठीची शिक्षा, आणि शिक्षेबरोबर किंवा सुटकेबरोबर लावलेल्या अटी. तिन्हींना आव्हान देता येतं, मात्र प्रत्येकासाठी मागणी वेगळी लिहावी लागते आणि काही वेळा अर्जही वेगळा करावा लागतो. जे मागितलं नाही ते कोर्ट आपणहून देईल, या भरवशावर राहू नये.

हा लेख आरोपीच्या घरच्यांसाठी आणि नव्याने वकिलीत आलेल्यांसाठी आहे. वकील लागेलच. पण वकिलाकडे काय मागायचं आणि कधी मागायचं, हे माहीत असलेल्या घराचे दिवस कमी वाया जातात.

अपील कोणत्या कोर्टात जातं

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ लागू झाली. अपिलाचं जुनं कलम ३७४ आता ४१५ झालं आहे. न्यायदंडाधिकाऱ्यांनी दोषी ठरवलं असेल, मग कोर्ट नाशिक शहरातलं असो, सिन्नरचं असो की कळवणचं, अपील सत्र न्यायालयात जातं. जिल्हा व सत्र न्यायालय नाशिकला सीबीएसजवळ आहे. मालेगाव आणि निफाडलाही अतिरिक्त सत्र न्यायालय आहे, त्यामुळे आपल्या तालुक्याचं अपील कुठे दाखल होतं हे आधी विचारून घ्या. सत्र न्यायाधीशांनी दोषी ठरवलं असेल, तर अपील मुंबई उच्च न्यायालयात. नाशिक जिल्हा मुंबईच्या मुख्य पीठाखाली येतो, औरंगाबाद खंडपीठाखाली नाही. उत्तर महाराष्ट्रातल्या धुळे-जळगावची प्रकरणं तिकडे जातात म्हणून हा गोंधळ अनेकांचा होतो.

गुन्हा कबूल केल्यामुळे शिक्षा झाली असेल, तर अपिलात फक्त शिक्षा किती आणि ती कायदेशीर आहे का, एवढंच मांडता येतं. किरकोळ दंडाच्या काही प्रकरणांत अपीलच नाही. तिथे पुनरीक्षण अर्जाचा, म्हणजे खालच्या कोर्टाचा आदेश वरच्या कोर्टाने तपासून पाहावा या मागणीचा मार्ग उरतो, त्याची मुदत ९० दिवस.

निकालाच्या दिवशीची तयारी

सगळ्यात जास्त नुकसान या एका दिवसात होतं. खटला चालू असताना आरोपी जामिनावर होता आणि शिक्षा ३ वर्षांपर्यंतची लागली, तर शिक्षा देणारं कोर्टच त्याला अपील दाखल करण्यापुरता जामीन देऊ शकतं. कलम ४३० (जुनं ३८९) च्या पोटकलम ३ मध्ये ही तरतूद आहे. नाकारायचं झाल्यास कोर्टाला खास कारणं द्यावी लागतात. पण अर्ज त्याच दिवशी, निकाल ऐकल्याबरोबर द्यावा लागतो. म्हणून निकालाच्या तारखेला जाताना या गोष्टी सोबत असू द्या:

१. अपील करायचं आहे असं सांगणारा, शिक्षा स्थगित ठेवण्याचा तयार अर्ज. शिक्षेचा आकडा तेवढा कोरा ठेवायचा.
२. एक जामीनदार, त्याच्या मूळ कागदपत्रांसह, कोर्टाच्या आवारात हजर. "बोलावलं की अर्ध्या तासात येतो" असं सांगणारा नाही.
३. दंडाची रक्कम रोख. दंड कोर्टाच्या नाझर शाखेत (पैसे भरून घेणाऱ्या विभागात) भरून पावती घ्यायची.
४. आरोपीची नेहमीची औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी.

निकाल दुपारी चारनंतर वाचला गेला आणि जामीनदार पिंपळगावहून निघालाच नसेल, तर त्या संध्याकाळी आरोपी नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात जातो. दुसऱ्या दिवशी जामीन झाला तरी कागद फिरण्यात आणखी वेळ जातो. जामीनदार अडलाच, तर तात्पुरती रोख अनामत घेऊन नंतर जामीनदार देण्याची मुभा मागा. अनेक कोर्टं ती देतात, पण तोंडी नको, अर्जातच लिहा.

शिक्षा ३ वर्षांहून जास्त असेल आणि गुन्हा जामीनपात्र नसेल, किंवा आरोपी आधीपासून कोठडीत असेल, तर हा मार्ग बंद. मग अपील दाखल करून वरच्या कोर्टातच स्थगिती मागायची.

नक्कल आणि मुदतीचा हिशोब

कैदेची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालपत्राची प्रत लगेच आणि मोफत मिळाली पाहिजे, हा त्याचा हक्क आहे. ती मागून घ्या. त्याशिवाय नक्कल विभागात प्रमाणित प्रतीसाठी अर्ज टाका आणि त्याच अर्जात साक्षीपुरावे, पंचनामे, वैद्यकीय दाखले आणि आरोपीचा जबाब यांच्याही नकला मागा. अपिलाचे मुद्दे निकालपत्रावरून नव्हे, साक्षींवरून निघतात.

सत्र न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवस, उच्च न्यायालयात ६० दिवस. फाशीच्या शिक्षेविरुद्ध मात्र ३० दिवस. निकालाचा दिवस मोजायचा नाही. प्रमाणित नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस वजा होतात. एक उदाहरण घेऊ. निकाल ४ मार्च २०२६ चा. मोजणी ५ मार्चपासून, म्हणजे ३० वा दिवस ३ एप्रिल. नक्कल अर्ज ६ मार्चला दिला आणि १३ मार्चला नक्कल तयार झाली. दोन्ही दिवस धरून ८ दिवस मिळाले. मुदत ११ एप्रिलला गेली. तो दुसरा शनिवार, पुढे रविवार. म्हणून १३ एप्रिल, सोमवार, हा शेवटचा दिवस.

हा हिशोब समजून घ्यायचा तो अडचणीत वापरण्यासाठी, त्यावर विसंबण्यासाठी नाही. मोफत प्रत निकालाच्याच दिवशी मिळाली असेल तर नकलेचे दिवस वजा करू नयेत, असा आक्षेप समोरून येऊ शकतो. त्यामुळे कच्चे ३० दिवस हीच खरी मुदत समजा. या उदाहरणात ३ एप्रिलला गुड फ्रायडे आहे, तेव्हा २ एप्रिलच्या आत दाखल करा. नकलेच्या मागच्या शिक्क्यावर अर्जाची, तयार झाल्याची आणि दिल्याची तारीख असते. तो शिक्का अस्पष्ट उठला असेल तर तिथल्या तिथे दुसरा मारून घ्या.

उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज अपिलासोबत द्यायचा. त्यात 'घरगुती अडचणींमुळे' असं मोघम लिहिलं तर नाकारलं जाऊ शकतं. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत काय अडचण होती ते लिहा आणि दवाखान्याचा कागद, कारागृहातून नक्कल मिळाल्याची तारीख असे पुरावे जोडा.

आरोपी आत असेल आणि वकील नेमलेला नसेल, तर तो कारागृह अधीक्षकांमार्फत अपील पाठवू शकतो. याला जेल अपील म्हणतात. कोठडीतल्या व्यक्तीला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांनाही नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयातच असतं, हेल्पलाइन १५१००. मोफत वकील म्हणजे कमी प्रतीचा वकील, हा समज सोडून द्या. मुदत वाचवायची असेल तर तो सगळ्यात जवळचा दरवाजा आहे.

अपिलाचा मसुदा

दाखल करायच्या संचात अपील मेमो (अपिलाचे मुद्दे आणि मागण्या असलेला मुख्य अर्ज), निकालपत्राची प्रत, वकीलपत्र, शिक्षा स्थगितीचा अर्ज आणि त्यासोबतचं प्रतिज्ञापत्र, दंड भरल्याची पावती, आरोपीचं ओळखपत्र आणि पत्ता, आणि समोरच्या पक्षासाठी प्रती एवढं लागतं. समोरचा पक्ष 'महाराष्ट्र शासन, अमुक पोलीस ठाण्यामार्फत' असा असतो. चेक न वटल्याच्या प्रकरणात मूळ फिर्यादीलाही पक्षकार करायलाच हवं. ते राहिलं की दुरुस्ती अर्ज आणि एक-दोन तारखा फुकट.

मेमोच्या शीर्षकात नवं कलम लिहून पुढे 'जुने कलम ३७४' असंही लिहावं. १ जुलै २०२४ आधी घडलेल्या गुन्ह्याला भारतीय दंड संहिताच लागू राहते, म्हणून गुन्ह्याची कलमं बदलून नव्या भारतीय न्याय संहितेची घालू नका. ही चूक नवखे वकील हमखास करतात.

आता मुद्दे. इथे वेळ द्या, कारण निम्मं अपील इथेच ठरतं. समजा दिंडोरी तालुक्यात द्राक्षबागेच्या बांधावरून भांडण झालं, आरोपीवर भारतीय दंड संहिता कलम ३२५ खाली गंभीर दुखापतीचा गुन्हा सिद्ध झाला आणि १ वर्ष सश्रम कारावास झाला. बहुतेक मेमोंमध्ये असा मुद्दा असतो:

'खालच्या न्यायालयाने पुराव्याचे योग्य मूल्यमापन केलेले नाही.'

यातून न्यायाधीशांना काहीच कळत नाही. तोच मुद्दा असा लिहा:

'सरकारी साक्षीदार क्र. ३ (निशाणी २४) उलटतपासणीत कबूल करतो की मारहाणीच्या वेळी तो विहिरीवर होता आणि आरडाओरडा ऐकून आला. तरीही निकालपत्राच्या परिच्छेद १७ मध्ये त्याला प्रत्यक्षदर्शी धरले आहे.'

साक्षीदार, निशाणी (कोर्टाने त्या कागदाला दिलेला क्रमांक), साक्षीतलं वाक्य आणि निकालातला परिच्छेद, हे चार दुवे प्रत्येक मुद्द्यात असले पाहिजेत. याच प्रकरणात आणखी काय तपासायचं? कलम ३२५ साठी दुखापत 'गंभीर' असल्याचं सिद्ध व्हावं लागतं. हाड मोडल्याचं दाखल्यात लिहिलं आहे, पण क्ष-किरण प्लेट कोर्टात आली का? ती वाचणाऱ्या डॉक्टरांची साक्ष झाली का? नसेल, तर गुन्हा ३२५ वरून ३२३ पर्यंत खाली येऊ शकतो आणि शिक्षेचं चित्रच बदलतं. काठी जप्त केल्याचा पंचनामा आहे, पण पंच फितूर झाले का? फिर्याद किती तासांनी नोंदली आणि उशिराचं कारण कुणी सांगितलं का? पुराव्यात आरोपीविरुद्ध आलेली प्रत्येक बाब जबाबाच्या वेळी (जुनं कलम ३१३, आता ३५१) त्याला विचारली होती का? जी विचारलीच नाही, ती त्याच्याविरुद्ध वापरण्यावर जोरदार आक्षेप घेता येतो.

शिक्षेबद्दलचे मुद्दे वेगळ्या मथळ्याखाली लिहा. त्यात एक मुद्दा फार जणांकडून सुटतो. आरोपीला परिवीक्षेचा, म्हणजे चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्याचा लाभ देता येण्यासारखा असूनही दिला नाही, तर कोर्टाला त्याची खास कारणं निकालात नोंदवावी लागतात (कलम ४०२, जुनं ३६१). निकालात ती कारणं नसतील तर ते स्पष्ट लिहा. पहिलाच गुन्हा, वय, कुटुंब, नोकरी याचे कागदही जोडा. हा लाभ फाशी किंवा जन्मठेप होऊ शकणाऱ्या गुन्ह्यांत मिळत नाही. कलम ३२५ मध्ये मिळू शकतो. ३२६ मध्ये नाही, कारण तिथे कमाल शिक्षा जन्मठेप आहे.

शेवटी मागण्या. निर्दोष मुक्तता, तसं न झाल्यास कमी कलमाखाली दोष, तसंही न झाल्यास शिक्षा कमी किंवा परिवीक्षा, भरपाई किंवा अटी असतील तर त्या रद्द वा शिथिल. या क्रमाने, प्रत्येक मागणी वेगळ्या ओळीत.

"अपील केलं तर शिक्षा वाढेल का?" ही भीती घराघरात असते. आरोपीने दोषाविरुद्ध केलेल्या अपिलात सत्र न्यायालय शिक्षा वाढवू शकत नाही. वाढवायची तर शासनाला वेगळं अपील करावं लागतं आणि आरोपीला आपली बाजू मांडण्याची संधी मिळते.

शिक्षा स्थगिती आणि जामीनदार

अपील दाखल झालं म्हणून शिक्षा आपोआप थांबत नाही. स्थगितीच्या अर्जावर वेगळा आदेश लागतो. ठरावीक मुदतीची शिक्षा असेल तर स्थगितीकडे उदारपणे पाहावं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९९ च्या भगवान रामा शिंदे गोसाई प्रकरणात सांगितलं आहे. कारण सरळ आहे: अपिलाची पाळी येईपर्यंत शिक्षाच भोगून संपली, तर अपिलाला अर्थ राहत नाही. गंभीर गुन्ह्यांत, जिथे फाशी, जन्मठेप किंवा किमान १० वर्षांची शिक्षा असते, तिथे सरकारी वकिलांना लेखी म्हणणं देण्याची संधी द्यावी लागते. त्यात वेळ जातो, तो गृहीत धरा.

शिक्षेला स्थगिती मिळाली तरी दोष कायम असतो. सरकारी नोकर, शिक्षक, सरपंच, नगरसेवक यांना हा फरक महागात पडतो. नोकरी किंवा पद जाऊ नये म्हणून दोषसिद्धीलाच स्थगिती हवी असेल, तर ती स्वतंत्र मागणी आहे. रामा नारंग प्रकरणात (१९९५) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की दोषसिद्धीमुळे नेमका कोणता परिणाम होणार आहे, ते कोर्टापुढे नेमकं मांडलं पाहिजे. ही स्थगिती क्वचित मिळते. तिच्यासाठी निलंबनाची नोटीस, सेवानियमातली तरतूद असे कागद लागतात.

चेकच्या प्रकरणात आणखी एक गोष्ट असते. अपिलीय कोर्ट भरपाईच्या किंवा दंडाच्या किमान २० टक्के रक्कम भरायला सांगू शकतं. मुदत ६० दिवस, आणखी ३० दिवस वाढवता येते. हे भरणं खरोखर अन्यायाचं ठरेल अशी परिस्थिती असेल तर सूट मिळू शकते, असं २०२३ च्या जंबू भंडारी निकालात आहे. पण त्यासाठी उत्पन्नाचे आणि देण्यांचे कागद हवेत. रक्कम मुदतीत भरली नाही की स्थगिती जाऊ शकते, म्हणून तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

जामीनदाराकडून ताजा डिजिटल सहीचा सातबारा, आठ-अ, आधार, फोटो, शहरातला असेल तर घरपट्टीची पावती, नोकरदार असेल तर ओळखपत्र आणि पगारपत्रक घ्यावं. सातबाऱ्यात 'इतर हक्क' हा रकाना आधी वाचा. नाशिक जिल्ह्यात विकास सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा बहुतेक उताऱ्यांवर असतो. बोजा जमिनीच्या किमतीच्या मानाने थोडा असेल तर तसं दाखवता येतं. मोठा असेल तर कोर्ट दुसरा जामीनदार मागेल. जामीनदाराला तो आधी कुणाकुणाला जामीन राहिला आहे तेही जाहीर करावं लागतं. खोटं सांगितलं तर तो अडकतो. जामीनदार जिल्ह्यातलाच पाहिजे असा हट्ट धरला गेला, तर १९७८ चा मोतीराम निकाल दाखवा.

आदेश झाला, पण माणूस बाहेर येत नाही, असंही घडतं. ३१ जानेवारी २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या सूचनांनुसार जामिनाच्या आदेशाची प्रत ई-मेलने त्याच किंवा दुसऱ्या दिवशी कारागृहाला जायला हवी. ७ दिवसांत सुटका झाली नाही तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं. महिनाभर जामीनदार देता आला नाही, तर कोर्ट अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. पैसा नाही म्हणून कुणी आत कुजू नये, यासाठीच या सूचना आहेत. त्या नावानिशी अर्जात लिहा.

सुटकेच्या अटी : वाचा, पाळा, नको असेल तर बदलून घ्या

नेहमीच्या अटी म्हणजे ठरावीक वारी पोलीस ठाण्यात हजेरी, जिल्हा सोडायचा नाही, फिर्यादी-साक्षीदारांशी संपर्क नाही, पासपोर्ट जमा, पत्ता बदलल्यास कळवणं. आदेश मिळाल्याच्या दिवशीच त्या शांतपणे वाचा आणि आपल्या रोजच्या जगण्यावर ठेवून पाहा. अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यात फिरती पाळी असलेल्याला 'दर सोमवारी सकाळी १० ते १२' जमेल का? द्राक्षं वाशी मार्केटला घेऊन जाणाऱ्याला जिल्हाबंदी कशी चालेल? आईचे उपचार मुंबईत चालू असतील तर?

जमणार नसेल तर अट मोडायच्या आधी अर्ज करा. ज्या कोर्टाने अट घातली, त्याच कोर्टात 'अट शिथिल करण्याचा' अर्ज द्यायचा. सोबत कंपनीचं पाळीपत्रक, बाजार समितीच्या पावत्या, दवाखान्याची तारीख. पर्याय स्वतःच सुचवा: सोमवारऐवजी रविवार, आठवड्याऐवजी महिन्याचा पहिला रविवार, जिल्हा सोडण्यापूर्वी पोलीस ठाण्याला लेखी कळवणं. अट मोडल्यावर मागितलेली सवलत आणि आधी मागितलेली सवलत, यांत कोर्ट फार फरक करतं.

अट प्रमाणात असावी, हे तत्त्व पक्कं आहे. २०२० च्या परवेझ लोखंडवाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जामिनाच्या अटींचा हेतूशी मेळ असायला हवा असं म्हटलं. ८ जुलै २०२४ च्या फ्रँक व्हिटस निकालात गुगल मॅपवर आपलं ठिकाण पोलिसांना सतत दाखवत राहण्याची अट रद्द झाली. माणसाच्या प्रत्येक हालचालीवर नजर ठेवणारी अट चालत नाही, हा त्याचा गाभा. जामिनाबाबतचे हे निकाल स्थगितीच्या आदेशातल्या अटींवर बोलतानाही उपयोगी पडतात.

हजेरीचा पुरावा आपल्याकडे ठेवा. साधी वही करा: तारीख, वेळ, ठाणे अंमलदाराची सही आणि शिक्का. कधी उत्तर मिळतं, "साहेब बंदोबस्ताला गेलेत, उद्या या." परत फिरू नका. 'आज आदेशानुसार हजर राहिलो' असा दोन ओळींचा अर्ज लिहून आवक शिक्का घ्या. तेही नाकारलं तर त्याच दिवशी पोस्टाने नोंदणीकृत पाठवा आणि पावती वहीत चिकटवा. पुढे जामीन रद्द करण्याचा अर्ज आला, तर ही वहीच बोलते.

परिवीक्षेवर सुटका झाली असेल तर

अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ खाली कोर्ट समज देऊन किंवा जास्तीत जास्त ३ वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकतं. परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीचा आदेश दिला, तर तो किमान १ वर्षाचा असतो. त्यात राहण्याचं ठिकाण, नशापाणी न करणं अशा अटी येतात. आरोपीला अटी समजावून सांगणं आणि आदेशाची प्रत त्याला, जामीनदाराला आणि परिवीक्षा अधिकाऱ्याला लगेच देणं कोर्टावर बंधनकारक आहे. प्रत मिळाली नसेल तर लेखी मागा.

"शिक्षाच झाली नाही, मग अपील कशाला?" असं इथे बरेच म्हणतात. दोष मात्र कायम असतो. याच अधिनियमाच्या कलम १२ मुळे दोषाला चिकटलेली अपात्रता लागू होत नाही हे खरं, पण सरकारी नोकराविरुद्ध त्याच वर्तनावरून विभागीय कारवाई होऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने बक्षी राम प्रकरणात (१९९०) स्पष्ट केलं. म्हणून खरोखर निर्दोष असलेल्याने अपील करावं. परिवीक्षेच्या आदेशाविरुद्ध अपील नेहमीच्याच वरच्या कोर्टात जातं. मात्र एक धोका तोलून पाहा. कलम ११ प्रमाणे अपिलीय कोर्टाला परिवीक्षेचा आदेश काढून टाकून शिक्षा देण्याचा अधिकार आहे, फक्त ती खालचं कोर्ट देऊ शकलं असतं त्याहून जास्त असू शकत नाही.

तक्रार केवळ अटीबद्दल असेल, तर अपिलाची गरज नाही. कलम ८ खाली परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अर्जावर कोर्ट अटी बदलू शकतं, मुदत कमी-जास्त करू शकतं. अर्ज अधिकाऱ्याकडून जायचा असल्याने आधी त्याच्याकडे कारणांसह लेखी विनंती द्या आणि पोच घ्या. वर्तणूक चांगली राहिली तर याच मार्गाने बंधपत्रातून लवकर मोकळंही होता येतं. अट मोडल्याचं कळलं तर कोर्ट वॉरंट किंवा समन्स काढून मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकतं. पहिल्याच चुकीला ५० रुपयांपर्यंत दंड करून बंधपत्र चालू ठेवण्याचीही तरतूद आहे. कोर्टाला तिची आठवण करून द्यावी लागते.

आणखी तीन आदेश, जे एकमेकांत मिसळू नयेत

पूर्वी ३ वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात दोषी ठरलेला माणूस तशाच गुन्ह्यात पुन्हा दोषी ठरला, तर कोर्ट शिक्षा संपल्यानंतर ५ वर्षांपर्यंत राहण्याचा पत्ता आणि पत्त्यातला बदल कळवत राहण्याचा आदेश देऊ शकतं (कलम ३९४, जुनं ३५६). अपिलात दोष रद्द झाला की हा आदेशही आपोआप रद्दबातल ठरतो. तरी मेमोत तो रद्द करण्याची मागणी लिहाच.

शासनाने शिक्षा माफ करून अटींवर सोडलं असेल, तर अट मोडल्यास माफी रद्द होऊ शकते. पण अट मोघम असून चालत नाही. ऑक्टोबर २०२४ च्या माफाभाई सागर निकालात 'दोन वर्षं सभ्यपणे वागावे' ही अट सर्वोच्च न्यायालयाने चुकीची ठरवली, कारण सभ्यपणा कुणाच्या मनाप्रमाणे मोजायचा हे त्यात ठरलेलं नव्हतं.

तडीपारी हा कोर्टाच्या शिक्षेचा भाग नाही. तो महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखालचा प्रशासकीय आदेश आहे, जास्तीत जास्त २ वर्षांचा. त्याविरुद्धचं अपील ३० दिवसांत राज्य शासनाकडे करायचं असतं, सत्र न्यायालयात नाही. शिक्षेच्या अपिलात तो मुद्दा घातला की दोन्हीकडचा वेळ जातो.

सुनावणी आणि निकालानंतर

अपील दाखल झाल्यावर खालच्या कोर्टाचं मूळ रेकॉर्ड मागवलं जातं. बहुतेक वेळ इथेच अडतो. ई-कोर्ट्स अॅपवर सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकून तारीख बघत राहा. रोजनाम्यात (प्रत्येक तारखेला काय झालं याच्या कोर्टाच्या नोंदीत) सतत 'रेकॉर्ड प्रतीक्षेत' दिसत असेल, तर स्मरणपत्र पाठवण्याचा अर्ज द्या. वकील गैरहजर राहिला म्हणून फौजदारी अपील नुसतं निकाली काढता येत नाही, गुणदोषांवरच ठरवावं लागतं. बानी सिंग प्रकरण, १९९६. याचा अर्थ गैरहजर राहावं असा नाही. आरोपीने प्रत्येक तारखेला यावं, नाहीतर जामिनाचं वॉरंट निघतं.

अपील फेटाळलं गेलं, तर स्थगितीवर बाहेर असलेला काळ शिक्षेत धरला जात नाही. तपास आणि खटल्याच्या वेळी कोठडीत काढलेले दिवस मात्र वजा होतात, त्यांचा दाखला कारागृहातून घेऊन ठेवा. हजर होण्यासाठी काही आठवड्यांची मुदत निकालाच्या दिवशीच मागा आणि ९० दिवसांच्या आत उच्च न्यायालयात पुनरीक्षण दाखल करा.

निर्दोष सुटका झाली, तर प्रमाणित प्रत घेऊन चार कामं उरका. भरलेला दंड परत मिळण्याचा अर्ज द्या. जामीनदाराची मूळ कागदपत्रं आणि बंधपत्रातून मुक्तता मागा. पासपोर्ट आणि मुद्देमाल परत मागा. शेवटी निकालाची एक प्रत पोलीस ठाण्यात आवक शिक्क्यासह देऊन त्यांच्या नोंदीत निकाल चढवण्याची विनंती करा. पुढे चारित्र्य पडताळणीच्या दाखल्यासाठी त्याच ठाण्यात जावं लागतं, तेव्हा ही शिक्का मारलेली प्रत सोबत न्या.